दाखल नंबर एक

आबा परबांनी पुस्तिका माझ्या हातात परत दिली. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि विचारलं, "गावकरानू, ह्यो एक नंबर कोणी दिल्यान?"

"खंयचो एक नंबर, आबा?"

"पयल्याच पानार आसा बघ. तातू परब, खालचा घर, दाखल नंबर एक. आणि आमी खंय? तेवीस. वरच्या घराआधी खालचा घर कधीपासून येवक लागला?"

मी पुस्तिका उघडून नीट बघितल्यासारखं केलं. बघायचं काय होतं, ती मीच छापून आणली होती. देवळाच्या मंडपात जाजमं पडली होती, गाव जमला होता. मुंबईहून आलेले आमचे रजिस्ट्रारसाहेब मांडीवर शाल घेऊन बसले होते. ज्यांचा सत्कार होता ते आमचे ग्रंथपाल, बोधनकरसाहेब, खांबाला टेकून शहाळं पीत होते. मागच्या बाजूला काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला नुकती फोडणी बसली होती.

आबा मंडपातून उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

"एक नंबर आमचो लिवा, मगे नारळ. नायतर वरच्या आवाठातले सगळे कागद परत करा. माझी पट्टी धरून."

आबांनी नारळ ठेवल्याशिवाय त्या गावात पान हलत नाही. सगळे जाजमावर बसून राहिले.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगतो. साठ सालानंतरची गोष्ट. मी, गावकर, मुंबईत एका विद्यापीठाच्या लायब्ररीत असिस्टंट होतो. माझं मूळ मसुऱ्याचं, म्हणून मालवणच्या बाजूचं काही निघालं की साहेब मला पुढे करायचे. गाव मसुरे आणि मिठबाव यांच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण तिथले मानपान अजून जिवंत आहेत आणि मला अजून तिकडे जावं लागतं.

बोधनकरसाहेब वऱ्हाडातले. मुंबईला येईपर्यंत त्यांनी समुद्र बघितला नव्हता. पण बघितला आणि त्याच्या नादालाच लागले. लायब्ररीत त्यांनी 'किनारा संग्रह' सुरू केला. विशेष संग्रह म्हणजे काय, तर जी वस्तू दुकानात विकत मिळत नाही, जिची दुसरी प्रत नाही, आणि जिच्यावाचून पुढे अभ्यास करणाऱ्याचं घोडं पेंड खाईल, अशा वस्तूंचं वेगळं कपाट. पुस्तकं विकत घेणारा ग्रंथपाल कोणीही होईल. हा माणूस उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर फिरून माळ्यावरचे मोडी कागद, गलबतं बांधायची मापं, बायकांच्या तोंडची गाणी असलं गोळा करायचा. ऑफिसात लोक त्यांना मागून 'रद्दीवाले' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, "रद्दीवाला तरी पैसे देतो, मी फुकट नेतो."

सगळ्या संग्रहाचा जीव म्हणजे परबांची पट्टी. परबांचे पूर्वज तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तान. त्यांतल्या कोणीतरी कापडावर डकवलेल्या कागदाची एक लांबलचक पट्टी केली होती. विजयदुर्गाच्या वरपासून खाली गोव्यापर्यंत समुद्रातून डोंगर कसे दिसतात, ते एकामागोमाग एक रंगवले होते. धुक्यातून डोंगराची पाठ दिसली की पट्टीवर बोट ठेवायचं आणि कुठली खाडी आली ते ओळखायचं. पुढे भावांची वाटणी झाली. भांडी वाटली, माड वाटले आणि पट्टीसुद्धा मधोमध कापून वाटली. वरची अर्धी वरच्या घराला गेली, खालची अर्धी खालच्या घराला. निम्मा किनारा घेऊन कोणाला काय करायचं होतं, देव जाणे. पण वाटणी म्हणजे वाटणी.

साहेब पहिल्यांदा त्या बाजूला आले ते आगबोटीने. मालवण बंदरात उतरले तेव्हा पोटात आतडं राहिलं नव्हतं. खालच्या घरचा तातू परब बंदरावर नारळ उतरवून घ्यायला आला होता. त्याने साहेबांना उचलून बैलगाडीत घातलं, घरी नेलं, पेज पाजली. माणूस मासे खात नाही हे कळल्यावर तातूची आई म्हणाली, "अरे, ह्याका डॉक्टराक दाखव." साहेब आठ दिवस तिथेच राहिले. निघताना तातूने आपली अर्धी पट्टी त्यांच्या हातात ठेवली. गाव हसला. म्हणाला, घाटी ती पट्टी वाण्याला विकणार आणि तीत आपल्यालाच शेंगदाणे बांधून मिळणार.

वरच्या घरचे आबा परब मात्र पुष्कळ वर्षं हलले नाहीत. मग एकदा कोणाला न सांगता मुंबईला आले. लायब्ररीत बाकावर बसून राहिले. कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, "पावण्याची वाट बघतंय." पट्टी कोण काढतो, कशी काढतो, हात धुतो का, हे सगळं त्यांनी बघून घेतलं. मी कपाट उघडलं तर मागून येऊन वास घेतला. डांबरगोळ्यांचा वास आला तसे मान हलवून गेले. महिन्याभरात निरोप आला, येऊन घेऊन जा. त्यांच्यामागोमाग वरच्या आवाठातल्या, म्हणजे वरच्या वाडीतल्या, सगळ्या घरांनी कागद दिले.

साहेब प्रत्येकाला पावती द्यायचे. पावतीवर एकच वाक्य असायचं: वस्तू तुमची, मागाल तेव्हा परत. रजिस्ट्रारांना ते कधीच पटलं नाही. "ही लायब्ररी आहे की धर्मशाळेतली सामानाची खोली?" असं त्यांनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं, "परत मागता येते म्हणूनच लोक देतात."

तर असे हे साहेब रिटायर होणार. विद्यापीठाने ठरवलेला सत्कार म्हणजे चहा आणि दोन बिस्किटं. गावाला हे कळलं तेव्हा गावाने ठणकावून सांगितलं की आधी आमच्याकडे. मग संग्रहाची आणि कागद देणाऱ्यांची यादी असलेली एक छोटी पुस्तिका छापायची कल्पना निघाली. घरोघरी आठवण राहील, म्हटलं. मी यादी दाखल रजिस्टरवरून उतरवली. तिथेच माशी शिंकली.

दाखल नंबर म्हणजे लायब्ररीच्या दारातून वस्तू आत आली की तिला पडणारा नंबर. आधी आली तिला आधीचा, मागून आली तिला मागचा. दवाखान्यात केसपेपरला पडतो तसा. त्यात थोर-लहान काही नाही. आम्ही लायब्ररीतले लोक दिवसभर असल्या नंबरांत लोळतो, त्यामुळे आमच्या डोक्यातही येत नाही की कोणी तो वेगळा वाचेल.

पण कोकणातल्या गावात ओळीने नावं लिहिली की तो मानच. शिमग्याला पहिला नारळ कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाण्यात पहिलं नाव कोणाचं, हे बारा मानकऱ्यांचं ठरलेलं असतं. त्यासाठी लोक कोर्टात जातात, बहिणीच्या घरचं पाणी पीत नाहीत. त्या गावात पहिला मान वरच्या घराचा आणि दुसरा खालच्या घराचा. आणि मी शहाणा मुंबईहून शाईने छापून आणतो की एक नंबर खालचं घर. मी मसुऱ्याचा असून हे मला सुचलं नाही, याचा राग मला आजही येतो.

मी आबांपुढे उकिडवा बसलो. केसपेपरचा दाखला देऊन बघितला.

"म्हणजे आमी तेविसावे आजारी?" आबा म्हणाले.

तिथे माझी डाळ शिजेना म्हणून मी तातूकडे गेलो. तो माडाखाली पुस्तिका उघडून चार जणांना पहिलं पान दाखवत होता. म्हटलं, "तातू, तू मनाचो मोठो. सांग, माका एक नंबर नको. आबांक देवन टाका."

तातूने पुस्तिका छातीशी धरली. "गावकरा, शिमग्याक आमी दुसरे. पालखेक दुसरे. नारळाक दुसरे. शाळेत तर मी सगळ्यांच्या मागसून. आमच्या घराक सात पिढ्यांत कोणी एक नंबर दिलो नाय. आता एवढी मुंबैची लायब्ररी माका एक नंबर देता, आणि तू सांगतंस सोड? माझ्या आवशीन एक पुस्तक देवाकडे नेवन ठेवल्यान सुद्धा."

बोलणं बरोबरच होतं त्याचं.

मंडपात रजिस्ट्रारसाहेबांचा धीर सुटत चालला होता. त्यांना संध्याकाळच्या आत परत मालवण गाठायचं होतं. ते बोधनकरसाहेबांच्या कानाशी लागले.

"अहो, बदलून टाका नंबर. एका फराट्याचं काम. कोण बघायला येतंय तुमचं रजिस्टर?"

"मी बघतो ना," साहेब म्हणाले.

"तुम्ही पुढच्या महिन्यात रिटायर होताय."

"म्हणूनच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज मी एक नंबर हलवला, तर माझ्यानंतरचा रोज हलवेल."

"आणि त्या म्हाताऱ्याने पट्टी परत नेली तर? वरच्या वाडीतले सगळे नेतील. निम्मा संग्रह जाईल. तुमची सगळी नोकरी यात गेली, बोधनकर."

साहेबांनी शहाळं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला. ती पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने नव्या कापडावर बसवली होती. दोन तुकडे एका लांब खणात शेजारी शेजारी ठेवले होते. मुंबईत पाहुणा आला की ते आधी तो खण उघडून दाखवायचे, मग चहाचं विचारायचे. कापलेली पट्टी पुन्हा दोन घरांच्या दोन माळ्यांवर जाणार, हे त्यांना सोसणार नव्हतं.

ते उठले, चपला न घालताच बाहेर गेले आणि पायरीवर आबांच्या शेजारी बसले. मी मागे उभा राहिलो. गाव हळूहळू दाराशी गोळा झाला.

"आबा, तुमचं म्हणणं कळलं मला."

"कळला ना? मगे लिवा."

"नाही लिहिणार."

आबांनी सावकाश मान वळवली. आईनंतर त्यांना त्या गावात कोणी 'नाही' म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

"तातू आधी आला, म्हणून त्याचा नंबर आधी," साहेब म्हणाले. "तो खालच्या घरचा म्हणून नाही. तुम्ही आधी आला असता तर तुमचा असता. कोण मोठा, कोण लहान, ते देवळात ठरतं. माझ्याकडे फक्त कोण कधी आला तेवढंच."

"ता तुमच्याकडे. गाव काय म्हणतलो?"

"बरं, मी विचारतो ते सांगा. मी गेल्यावर नवा ग्रंथपाल येईल. उद्या कोणी मंत्री आपल्या आजोबांचे कागद घेऊन त्याच्याकडे आला आणि म्हणाला, आमचं घराणं मोठं, आम्हाला तेवीस नंबर द्या, परबांना मागे सरकवा. तर द्यायचा?"

"देतलो कसो?" आबा ताडकन म्हणाले. "तेवीस माझो आसा मां?"

दाराशी कोणीतरी खुसखुसलं. मग दोघं-तिघं हसले. आबांच्या लक्षात आलं तसे ते लालबुंद झाले.

"शब्दात पकडलात माका."

"नाही हो," साहेब म्हणाले. आणि मग त्यांच्या तोंडून वऱ्हाडी यायला लागली. ती फक्त जीव कासावीस झाला की यायची. "खरं सांगून राहिलो, आबा. पट्टी तुमची हाय. पावतीवर माझी सही हाय. तुम्ही मागा, हा गावकर सोमवारी निघून स्वतःच्या हातानं आणून देईल. मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. घरी जाऊन रडीन, ते वेगळं. रडीनच मी. पण नंबर नाही बदलणार."

"तुमचो सत्कार होवचो नाय."

"नको होऊ दे."

मागे सांबारं ढवळल्याचा आवाज येत होता. साहेब दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या माडांकडे बघत होते.

मग आबा बोलायला लागले. साहेबांशी नव्हे, जमलेल्या लोकांशी.

"माझ्या बापाशीच्या टायमाक मामलेदार जत्रेक इलो. घोड्यार बसान. म्हणालो, पयलो नारळ सरकारचो. बापाशीन सांगल्यान, सरकार मोठा, पण नारळ पयलो आमचो. मामलेदारान काय करूचा ठेवल्यान नाय. बापाशीक मालवणाक खेपे घालूक लायल्यान, जमिनीचे कज्जे उकरून काढल्यान. पण नारळ हललो नाय." ते थांबले. "तेवा सगळे बापाशीक सांगी होते, एका नारळाचा काय घेवन बसलास."

त्यांनी साहेबांकडे बघितलं.

"ह्यो माणूस स्वताच्या सत्काराक माझ्यासाठी नंबर हलवणा नाय. मगे दुसऱ्या कोणासाठी काय हलवतलो? माझी पट्टी थयसरच रवतली. तेवीस तर तेवीस."

असं म्हणून उठले. उठताना त्यांनी साहेबांच्या खांद्याचा आधार घेतला आणि साहेबांनी त्यांचा हात तसाच धरून ठेवला. साहेबांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. माझेही भरले होते. मी ते फोडणीवर ढकललं.

पुढे सगळं भराभर झालं. आबांनी पहिला नारळ ठेवला. तातूने दुसरा ठेवला आणि ठेवता ठेवता माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. मानकऱ्यांचे बारा नारळ ओळीने लागले. मग आबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं.

"बा देवा महाराजा, आज तुझ्या दारात सगळी लेकरा जमली आसत."

"व्हय महाराजा."

"ह्यो बोधनकर साहेब लांबसून इलो. आमचे उंदरान खाल्लेले कागद तेणा लेकरासारखे सांभाळल्यान."

"व्हय महाराजा."

"तो मासो खाणा नाय, तरीपण तो आमचोच."

"व्हय महाराजा," गाव म्हणाला. या वेळी जरा जास्त मोठ्याने.

"तुझे बारा नारळ झाले. आजपासून तेरावो, बोधनकर साहेबाचो. मागसून इलो म्हणान मागसून. पण दिलेलो नंबर आता कोणी हलवचो नाय."

"व्हय महाराजा."

तेरावा नारळ साहेबांच्या हातून ठेवला. रजिस्ट्रारसाहेबांना वाटलं, आता विद्यापीठाची पाळी. ते शाल उलगडत पुढे झाले. आबांनी हाताने थांबवलं.

"वायंच थांबा. पयलो परसाद वाटूक होयो. तुमी चौदावे."

रजिस्ट्रारसाहेब शाल धरून उभे राहिले. प्रसाद वाटून होईस्तोवर उभेच होते. मालवणला पोचायला त्या दिवशी त्यांना अंधार झाला. जेवायला बसल्यावर मात्र त्यांनी सांबारं दोनदा मागून घेतलं आणि मला म्हणाले, "गावकर, या चौदाव्याचं ऑफिसात बोलू नका." मी अर्थातच सोमवारी सगळ्यांना सांगितलं.

विद्यापीठाची चहा-बिस्किटंही यथावकाश झाली. कुलगुरूंनी भाषण केलं, संग्रहाला राष्ट्राचा ठेवा म्हटलं. आभार मानायला उठल्यावर साहेब म्हणाले, "माझा नंबर तेरावा," आणि बसले. तिथे कोणाला काही कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारा भारावला.

पट्टी अजून त्याच लांब खणात आहे. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी, एकावर नंबर एक आणि दुसऱ्यावर तेवीस. परदेशातले अभ्यासक येऊन बघून जातात. त्यांना हे नंबर असे का, असं कोणी अजून विचारलेलं नाही.

साहेब रिटायर होऊन वऱ्हाडात गेले, पण दर वर्षी जत्रेला यायचे. आगबोटीला घाबरून एसटीने यायचे आणि घाटात तेवढेच हैराण व्हायचे. येणं झेपेना तेव्हा त्यांच्या नावाने मी नारळ ठेवू लागलो. ते वारले त्या वर्षी मी गावात गेलो तेव्हा आबाही राहिले नव्हते. नारळ आबांचा मुलगा ठेवत होता. मी त्याला विचारलं, आता तेरावा नारळ नव्या ग्रंथपालांचा करायचा का? ते चांगले गृहस्थ आहेत, मासेही खातात.

तो म्हणाला, "तेरावो साहेबाचोच. तो नसलो तरी तेचोच. नव्यांक सांगा, पंधरावो मोकळो आसा."

धडा म्हणाल तर एवढाच. गावच्या कामात यादी छापायची असेल तर नंबर घालू नयेत. आणि घातलेच, तर मग कोणाच्या बापासाठी बदलू नयेत.